पहिल्या कागदाची शिकवणी

माझी भाची पुण्यात पेटंट एजंट आहे. हा व्यवसाय नेमका कशाशी खातात, हे आमच्या नात्यागोत्यात अजून कुणाला नीटसं समजलेलं नाही. लग्नकार्यात कुणी चौकशी केलीच तर तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, ‘वकिलासारखं काहीतरी करते’ असं सांगून पंगतीकडे वळते. खरं तर भाची वकील नाही, रसायनशास्त्राची एम. एस्सी. आहे. आपल्याकडे पेटंट एजंट व्हायला विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते आणि सरकारी परीक्षा द्यावी लागते. कायद्याची पदवी असलीच पाहिजे असं नाही.

ही भाची दोन आठवडे जर्मनीत जाऊन आली. म्युनिकमधल्या पेटंट ॲटर्नींच्या एका फर्मने परदेशी व्यावसायिकांसाठी युरोपीय पेटंट कायद्याचा वर्ग भरवला होता. असे वर्ग लंडनलाही भरतात. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ‘सेइपी’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी विद्यापीठाची संस्था १९६३ पासून हाच विषय शिकवते, आणि युरोपीय पेटंट कार्यालयाची स्वतःची अकादमी २००४ पासून आहे. भाचीच्या वर्गात जपानी होते, कोरियन होते, अमेरिकन होते, एक ब्राझीलची बाई होती. फी आणि विमानाचं भाडं हिने स्वतःच्या खिशातून भरलं. परत आल्यावर भेटायला आली तेव्हा मी साहजिकच विचारलं, ‘एवढे पैसे खर्चून शिकलीस काय?’

‘मामा, दोन आठवडे त्यांनी एकच गोष्ट घोकून घेतली,’ ती म्हणाली. ‘पहिला कागद नीट लिहा.’

बँकेच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला याहून गोड वाक्य कुठलं असणार? मी खुर्ची पुढे ओढली.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. म्युनिकमधून इसार नावाची नदी वाहते. तिच्या काठी, जर्मनीच्या प्रसिद्ध विज्ञान संग्रहालयासमोर, युरोपीय पेटंट कार्यालयाची काळपट इमारत १९८० पासून उभी आहे. ५ ऑक्टोबर १९७३ रोजी याच शहरात युरोपीय पेटंट करारावर सह्या झाल्या. १९७७ साली तो सात देशांत अमलात आला आणि १ जून १९७८ पासून अर्ज घ्यायला सुरुवात झाली. आज ३९ देश त्यात आहेत. हे युरोपियन युनियनचं खातं आहे असा पुष्कळांचा समज असतो, पण तसं नाही. स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान त्यात आहेत, आणि युनियनमधून बाहेर पडलेला ब्रिटनही इथून बाहेर पडलेला नाही. इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एका भाषेत एक अर्ज करायचा, त्याची एकदाच तपासणी होते, आणि मंजुरीनंतर त्या एका पेटंटाची देशोदेशीची पेटंटं होतात. १ जून २०२३ पासून युनियनमधल्या काही देशांपुरतं एकसंध पेटंटही मिळू लागलं आहे.

आता गंमत पहा. या कार्यालयापुढे माझ्या भाचीला उभं राहता येत नाही. अर्जदार त्या ३९ देशांबाहेरचा असेल तर अर्ज दाखल करण्यापलीकडचं प्रत्येक काम त्याने तिथल्या मान्यताप्राप्त प्रतिनिधीमार्फतच करायचं, असा कराराचा नियम आहे. आणि प्रतिनिधी व्हायचं तर सामान्यतः त्या देशांपैकी एकाचं नागरिकत्व हवं, तिथे कामाचं ठिकाण हवं, आणि एक मोठी परीक्षा पास व्हायला हवी. ही परीक्षा पुस्तकं उघडी ठेवून देतात. तरीही ती भल्याभल्यांना पाणी पाजते. तोंडी सुनावणीला परदेशी एजंट गेलाच, तर तो आपल्या युरोपीय प्रतिनिधीच्या शेजारी बसू शकतो. बोलायचं असेल तर आधी परवानगी मागावी लागते, आणि ते बोलणंही प्रतिनिधीच्या देखरेखीखाली.

‘म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या लग्नात करवली,’ मी म्हणालो.

‘करवलीला निदान मान असतो,’ ती म्हणाली.

मग जायचं कशाला? याचं उत्तर आपल्याच कायद्यात आहे. भारतात राहणाऱ्या माणसाने शोध लावला तर परदेशात अर्ज करण्यापूर्वी एक तर आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं, नाही तर पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते. बहुतेक जण पहिला मार्ग धरतात. म्हणजे पहिला कागद लिहिला जातो तो पुण्यात, सांगलीत, नाशकात. आणि दाखल होतो अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात. त्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केला तर तिथेही हीच पहिली तारीख धरली जाते. ही सवलत १८८३ च्या पॅरिस कराराची. आपण त्या करारात ७ डिसेंबर १९९८ रोजी दाखल झालो. त्यामुळे म्युनिकचा परीक्षक तीन-चार वर्षांनी जो कागद भिंग लावून वाचणार असतो, तो पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, बहुधा शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री लिहिलेला असतो. तिथला प्रतिनिधी कितीही हुशार असला तरी त्यात एक शब्द घालू शकत नाही.

हा ‘एक शब्द घालू शकत नाही’ प्रकार भाचीने मला सांडशीवरून समजावला.

‘समजा मामा, सांडशीचा शोध आज लागलाय. पहिल्या अर्जात तू लिहिलंस, रिवेटने जोडलेले दोन लोखंडी दांडे आणि धरायच्या टोकांना लाकडी मुठी. दोन वर्षांनी परीक्षक म्हणतो, असे दांडे एका जुन्या फ्रेंच पेटंटात आहेत. तू म्हणतोस, बरं, माझं वैशिष्ट्य मुठींत आहे; उष्णता हातापर्यंत न पोचवणाऱ्या मुठींत. तो विचारतो, हे शब्द तुमच्या अर्जात कुठे आहेत? तू म्हणतोस, लाकडी म्हणजे तेच की! तो म्हणतो, तुम्ही लाकूड लिहिलंय. लाकूड म्हणजे लाकूड.’

‘मग मी लाकूड म्हणतो.’

‘मग शेजारचा कारखानदार प्लास्टिकच्या मुठी लावून तुझ्यासमोर सांडशी विकतो, आणि तुला ब्रही काढता येत नाही.’

कराराच्या १२३ व्या अनुच्छेदात हे आहे. मूळ अर्जात जे थेट आणि निःसंदिग्धपणे सापडत नाही ते नंतर आत घेता येत नाही. आणि पेटंट मंजूर झाल्यावर त्याची व्याप्ती वाढवताही येत नाही. या दोन नियमांच्या मध्ये एखादा सापडला की संपलंच. मंजुरीच्या आधी परीक्षकाच्या नजरेतून निसटून एखादा नवा शब्द आत शिरला, आणि नंतर कुणी हरकत घेऊन तो दाखवून दिला, तर? शब्द ठेवावा तर पहिला नियम मोडतो, काढावा तर व्याप्ती वाढून दुसरा मोडतो. इकडे आड, तिकडे विहीर. १९९४ साली त्या कार्यालयाच्या सर्वोच्च अपील मंडळाने हा पेच मान्य केला आणि त्यातून सहसा सुटका नाही, असंच सांगितलं.

मला हे ऐकताना बँकेतला परकीय चलन विभाग आठवला. सोलापूरचे एक निर्यातदार होते, टॉवेलवाले. परदेशी बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये ‘१०० टक्के कॉटन टेरी टॉवेल’ असं होतं, आणि यांच्या कारकुनाने इन्व्हॉइसवर ‘कॉटन टेरी टॉवेल’ एवढंच टाइप केलं. पैसे अडले. ते माझ्या टेबलासमोर बसून एक टॉवेल उलगडून दाखवत राहिले. ‘साहेब, हात लावून बघा, धाग्याची भेसळ नाही.’ मी हात लावून पाहिला. टॉवेल उत्तम होता. पण लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक माल बघत नाही, कागद बघते. नव्या नोकरीत मला हा दुष्टपणा वाटायचा. पुढे लक्षात आलं की दहा हजार किलोमीटर दूर बसलेला, एकमेकांचं तोंड न पाहिलेला माणूस ज्याच्यावर भरवसा ठेवतो ती वस्तू कागदच असते. पेटंटाचंही तसंच. त्या कागदावरून उद्या तिसराच कुणी ठरवणार असतो, की आपण काय बनवायचं आणि काय नाही.

वर्गात आणखी एका गोष्टीवर त्यांचा फार भर होता, आणि ती ऐकताना भाचीला म्हणे एका प्राध्यापकांचा चेहरा दिसत होता. हे गृहस्थ एका महाविद्यालयात शिकवतात. धातू गंजू नये म्हणून त्यांनी वनस्पतीपासून एक लेप तयार केला होता. चांगला होता. तीन महिन्यांनी भाचीकडे आले तेव्हा तिने नेहमीचा प्रश्न विचारला, ‘सर, हे कुठे प्रसिद्ध केलंय का?’ सरांनी अभिमानाने परिषदेची पुस्तिका पुढे केली. त्यात लेपाचं अख्खं प्रमाण छापलेलं. भारतात त्यांना वाट होती. आपल्या कायद्याचं ३१ वं कलम विद्वत्परिषदेत वाचलेल्या निबंधाला बारा महिन्यांची मुभा देतं. अमेरिकेतही शोधकाच्या स्वतःच्या प्रसिद्धीला वर्षभर माफी आहे. युरोपात नाही. तिथे अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, छापून वा बोलून वा वापरून जे लोकांपुढे आलं, ते जुनं झालं. मग ते खुद्द शोधकाने सांगितलेलं का असेना. विश्वासघाताने फोडलेलं गुपित आणि काही मोजकी आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं एवढेच अपवाद, तेही सहा महिन्यांपुरते. सरांच्या महाविद्यालयाने त्यांना त्या निबंधाबद्दल शाल-श्रीफळ दिलं होतं. त्या लेपाची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं जर्मनीत होती.

‘तुझी चूक नाही यात,’ मी म्हणालो.

‘माझी नाही. पण त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं, ही कुणाची तरी आहेच ना?’

अर्थात युरोपच्या या काटेकोरपणाची झळ आपल्यालाच लागते असं नाही. क्रिस्पर नावाचं जनुकं कापण्याचं तंत्र वाचकांनी ऐकलं असेल. त्यावरचं अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचं एक मोठं पेटंट युरोपात २०१८ साली रद्द झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. कारण विज्ञानाचं नव्हतं. अमेरिकेतल्या पहिल्या अर्जावर एका संशोधकाचं नाव अर्जदार म्हणून होतं, युरोपच्या अर्जावर ते नव्हतं, आणि त्याने आपला हक्क लेखी सोडून दिल्याचा कागदही नव्हता. म्हणून पहिली तारीख धरता येईना. आणि तारीख पुढे सरकल्यावर मधल्या काळात प्रसिद्ध झालेलं संशोधन आडवं आलं. जगातल्या नामवंत संस्थेची ही कथा! ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च मंडळाने धोरण बरंच सौम्य केलं. अर्जदाराला हक्क आहे असं आता आधी गृहीत धरतात. नाही असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. पण भाचीने आल्या आल्या आपल्या प्रत्येक फाइलमध्ये सह्यांचा कागद आहे की नाही हे तपासलं. दोन फाइलींत नव्हता.

कादंबरीकार म्हणून मला सगळ्यात आवडलं ते त्या कायद्यातलं एक पात्र. शोध नवा आहे एवढं पुरत नाही, तो सहज सुचण्यासारखा नसावा, असा नियम आहे. सहज म्हणजे कुणाला सहज? तर ‘त्या विषयातल्या जाणकाराला’. हा जाणकार काल्पनिक आहे. त्याने आपल्या विषयातलं जगात छापलेलं सगळं वाचलंय, जपानी मासिकांपासून रशियन प्रबंधांपर्यंत. प्रयोगशाळेतलं नेहमीचं काम त्याला उत्तम येतं. फक्त कल्पनाशक्ती अजिबात नाही. एवढी वर्षं पात्रं रंगवतोय, पण इतकं वाचून इतका कोरडा राहिलेला माणूस मला कागदावर कधी उभा करता आला नाही. (बँकेत तसे एक साहेब होते, पण ते वाचतही नसत.)

या जाणकाराला समोर बसवून म्युनिकचे परीक्षक ठरावीक पायऱ्यांनी जातात. शोधाला सर्वांत जवळचं जुनं ज्ञान कोणतं? त्याच्याशी तुलना केली तर नवं काय, आणि त्या नव्यामुळे कोणती तांत्रिक अडचण सुटली? मग ती अडचण त्या जाणकारापुढे ठेवली, तर त्याने हेच केलं असतं का? इथे ‘करू शकला असता’ आणि ‘केलं असतं’ यांत ते फार मोठा फरक करतात. करू तर पुष्कळ जण पुष्कळ काही शकले असते. हा फरक मराठीत मला इतका चटकन कळला, की भाचीने तो दोन दिवस इंग्रजीतून ऐकला याचं वाईट वाटलं.

औषधांच्या बाबतीत तर एकच मजकूर दोन देशांत दोन नशिबं घेऊन जातो. जुन्या औषधाचा नवा उपयोग सापडला तर भारतात त्याला पेटंट नाही. आपल्या कायद्याच्या कलम ३(ड) मध्येच ते स्पष्ट आहे, आणि मला ते योग्यही वाटतं. औषधांच्या किमतीचं गणित आपल्याकडे वेगळं आहे. युरोपात रोग्यावर उपचार करण्याच्या पद्धतीला पेटंट नसलं तरी ‘अमुक रोगावर वापरण्यासाठी अमुक पदार्थ’ अशा शब्दांत ते मिळू शकतं. म्हणजे ज्या वाक्याची भारतात काडीची किंमत नाही, तेच वाक्य, त्याला आधार देणाऱ्या प्रयोगासकट, भारतातल्या पहिल्या कागदात लिहून ठेवावं लागतं. नंतर सुचून उपयोग नाही. भाची म्हणते, इथले कितीतरी मसुदे भारतीय परीक्षकाला नको असलेलं सगळं आधीच छाटून सुबक केलेले असतात, आणि तिथेच मार खातात.

शेवटच्या दिवशी लुटुपुटूची सुनावणी झाली. तीन जण विरोध विभागाचे सदस्य, एक बाजू पेटंटधारकाची, एक हरकत घेणाऱ्याची. पेटंटधारक ‘मुख्य विनंती’ मांडतो. ती टिकली नाही तर ‘पहिली पर्यायी विनंती’, मग दुसरी, मग तिसरी, प्रत्येक वेळी आपला दावा थोडा थोडा आकसत नेणारा. बाजारात भाव उतरवावा तसं. खऱ्या सुनावणीत सदस्य बाहेर जाऊन विचारविनिमय करतात आणि निकाल बहुधा त्याच दिवशी तोंडी सांगतात. भाचीला हरकत घेणाऱ्याची बाजू मिळाली होती. ती जिंकली, असं तिने दोनदा सांगितलं.

त्यावरून मला कडुनिंबाचं प्रकरण आठवलं. हळदीचं पेटंट आपल्याला पाठ असतं. ते अमेरिकेतलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि १९५३ च्या एका वैद्यकीय लेखासारखे पुरावे देऊन ते १९९७ साली रद्द करून घेतलं. कडुनिंबाची लढाई मात्र म्युनिकची. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीवर १९९४ साली युरोपीय पेटंट मिळालं. युरोपात मंजुरीपासून नऊ महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतं. वंदना शिवा, बेल्जियमच्या मागदा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून ती घेतली. मे २००० मध्ये सुनावणी झाली.

‘आमच्या आजीपासून ठाऊक आहे’ हे त्या खोलीत चालत नाही. काय वापरलं, कधी, कुठे, कुणासमोर, हे सांगावं लागतं. भारतातल्या एका कारखान्याचे व्यवस्थापक तिथे साक्षीला गेले. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतात झालेले प्रयोग पुराव्यात आले. पेटंट रद्द झालं. त्यावरचं अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं. सांगलीकडच्या कुठल्या तरी शेतातल्या एका उन्हाळ्याने इसार नदीकाठी एका बड्या कंपनीला मागे हटवलं, हे वाक्य कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. भाचीच्या वर्गात हा दाखला निघाला तेव्हा तिने हात वर करून सांगितलं, की मी पुण्याची. जपानी सहाध्यायी वळून बघू लागले म्हणे.

आणखी एक लहानशी गोष्ट. त्या कार्यालयाची पत्रं पूर्वी तारखेनंतर दहाव्या दिवशी पोचली असं धरलं जाई, मग ती दुसऱ्या दिवशी हातात पडलेली का असेनात. पत्रावर अवलंबून असलेल्या मुदतीत सगळ्यांना ते दहा दिवस फुकट मिळत. १ नोव्हेंबर २०२३ पासून ते बंद झाले. हुंडीवर तीन दिवसांची सवलत देणारा १८८१ चा कायदा शिकून नोकरीला लागलेल्या मला त्या दहा दिवसांबद्दल उगाच हळहळ वाटली.

चहा झाला. ती निघणार, एवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे कुणी तरी तरुण संशोधक होता. आवाज माझ्यापर्यंत येत होता, उत्साहाने भरलेला. काही तरी जमलं होतं, तीन वर्षांनी. भाचीने त्याचं अभिनंदन केलं. मग पर्स उघडून पेन शोधत, माझ्या टेबलावरच्या विजेच्या बिलाची पाठ उलटी करत तिने विचारलं, ‘आत्तापर्यंत हे कुणाकुणाला सांगितलंस? ... नाही, मित्र सोड. पोस्टर कुठल्या तारखेला लावायचंय?’

तिने बिलाच्या पाठीवर तारीख लिहिली आणि तिच्याभोवती गोल काढला. मध्ये सहा दिवस होते.

‘मामा, हे बिल मी नेते,’ ती म्हणाली, आणि चपला घालायला लागली.